ज्येष्ठमधाची काडी

मी एका जगप्रसिद्ध गायकाला जवळजवळ मारलं होतं. ज्येष्ठमध देऊन. ऐकून लोक हसतात. आमचे हे तर अजूनही घरी आलेल्या पाहुण्यांना सांगतात, "हिच्या हातचा काढा जरा जपून प्या बरं का." मला मात्र हसू येत नाही. त्या दोन-अडीच महिन्यांत एकामागून एक असे धक्के बसले की अजून विसरता येत नाहीत. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी नागपूरची, हे पुण्याचे, आणि राहतो आम्ही टेक्ससमधल्या प्लेनोत. शेजारच्या घरात एक म्हातारा एकटाच राहायचा. आठ वर्षांत आमचा संबंध काय, तर कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना हात हलवायचा. त्यातून एकदा मी कुंपणावर गोधडी वाळत घातली, तर तिसऱ्या दिवशी एचओएचं पत्र हजर. एचओए म्हणजे आपली सोसायटीची कमिटीच, फक्त इथे ती तुमच्या अंगणातलं गवत किती वाढलं तेही पाहते. मला खात्रीच होती, चुगली या म्हाताऱ्यानेच केली. तेव्हापासून मी हात हलवणंही बंद करून टाकलं.

शनिवारी सकाळी मी गॅरेजमध्ये रियाज करते. गाड्या बाहेर काढायच्या, सतरंजी टाकायची, इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावायचा. नागपुरात बाईंकडे अकरा वर्षं शिकले आहे, उगीच नाही. त्या शनिवारी उकडत होतं म्हणून गॅरेजचं दार अर्धं वर केलं होतं. तोडी चालली होती. डोळे उघडले तर दाराखाली दोन पाय. स्लीपर, त्यात पांढरे मोजे. मी तानपुरा बंद केला. म्हटलं, आली बाप्पा कमिटी!

म्हातारा वाकून आत आला. उंच, पाठ ताठ, केस पांढरेशुभ्र. म्हणाला, "माफ करा. तुम्ही श्वास कुठे ठेवता?"

आमचं सगळं बोलणं इंग्रजीतच व्हायचं, पण मला ते आठवतं मराठीतच.

"कुठे म्हणजे?"

"वरचा सूर आला की तुम्ही खांदे उचलता. श्वास खांद्यांत गेला की आवाज घाबरतो."

माझं डोकंच फिरलं. ज्याला तोडी म्हणजे काय ते माहीत नाही, तो मला श्वास शिकवणार? "मी अकरा वर्षं शिकलेय," मी ठणकावून सांगितलं.

"हो, ते ऐकू येतं," तो म्हणाला. "म्हणून तर आलो."

तो गेल्यावर मी घरात येऊन इतकी आदळआपट केली की यांनी लॅपटॉप मिटला. "नाव काय त्याचं?" यांनी विचारलं. मेलबॉक्सवर होतं, मी सांगितलं. यांनी ते टाइप केलं. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. तोच माणूस, पण केस काळे, अंगावर राजाचा झगा, मोठ्या थिएटरच्या स्टेजवर उभा. समोर हजारो माणसं उठून टाळ्या वाजवतायत आणि थांबतच नाहीयेत. अगं माय! ऑपेराचा तो टेनर होता, म्हणजे पुरुषांतला सगळ्यात चढा आवाज. तीस वर्षं जगभर गाजलेला. आणि मी त्याला दारातून जवळजवळ हाकलून दिलं होतं!

"श्वास कुठे ठेवता?" हे हसत म्हणाले. "आता तोंड कुठे ठेवणार ते सांग."

दुसऱ्या दिवशी चिवड्याचा डबा घेऊन मी त्यांच्या दारात. त्यांनी मूठभर चिवडा उभ्या उभ्या खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरी मूठ घेतली. मी गोधडीचा विषय काढलाच. माझ्या पोटात काही राहत नाही. ते म्हणाले, "मी नाही तक्रार केली. ती गोधडी दिसावी म्हणून मी खिडकीचा पडदा उघडा ठेवायचो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी त्यांना 'सर' म्हणू लागले आणि ते मला 'नेबर'.

मग दर शनिवारी अकराला ते आमच्याकडे कॉफीला यायचे. मधूनमधून मी त्यांच्याकडे वरण-भात पोचवायची. घर नीटनेटकं, भिंतीवर एकही फोटो नाही, फ्रिजवर चुंबकाने लावलेला एक पिवळट कागद आणि गोळ्यांचे दोन डबे. बस. एवढ्या मोठ्या माणसाचं घर असं का, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्यांची सगळी कहाणी मी तुकड्या-तुकड्यांनी ऐकली. वडील पश्चिम टेक्ससमधल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात मेकॅनिक. कापूस म्हटल्यावर माझं आजोळ वऱ्हाडातलं, मी लगेच खुर्ची पुढे ओढली. पोरगा चर्चमध्ये गायचा. शाळेतल्या संगीताच्या बाईंनी त्याला पकडलं आणि पाच वर्षं फुकट शिकवलं. मग न्यूयॉर्क. तिथे चार वर्षं दुसऱ्याच्या नावावर राखीव म्हणून पडद्यामागे उभं राहायचं. मुख्य गायक आजारी पडला तरच संधी, आणि तो मेला कधी आजारी पडेना. शेवटी एका दुपारच्या खेळाला त्याचा घसा बसला. सरांना दुसऱ्याचाच कोट घालून ढकललं स्टेजवर. बाह्या तोकड्या होत्या. "हात वर न करता गायलो," ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत शहरभर त्यांचं नाव झालं होतं. पुढे मिलान, व्हिएन्ना, लंडन. आणि हे सगळं माईकशिवाय, बरं का! सगळा वाद्यवृंद वाजत असताना शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत नुसत्या गळ्याने पोचायचं.

आणि तो गळा त्यांनी सांभाळला कसा! खेळाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी घरात एक शब्द बोलायचे नाहीत. खिशात छोटी वही. काय हवं-नको ते चिठ्ठीवर. मुलगी चार वर्षांची, येऊन म्हणायची, बाबा, खेळायला चल. की सर चिठ्ठी लिहून द्यायचे, 'आज नाही.'

"तिने आयुष्यात सगळ्यात आधी वाचलेले शब्द तेच," ते म्हणाले. "वाचायला तिला मीच शिकवलं म्हणा ना."

"वा!" माझ्या तोंडून दाद गेली. खरंच गेली. आमच्या बाई एकशे दोन तापात मैफल करून आल्या होत्या, गालात ज्येष्ठमधाची काडी धरून. त्या गोष्टीवर आम्ही मुली वाढलो. साधना म्हणजे अशी, हेच माझ्या डोक्यात. त्या चार वर्षांच्या पोरीचा विचार माझ्या मनात आलाच नाही, हे आज लिहितानाही लाज वाटते.

त्यांची बायको गेली तेव्हा ते व्हिएन्नात होते. फोन आला तो पहिला अंक सुरू होण्याआधी. त्यांनी चारही अंक गायले आणि मग विमान धरलं. मुलगी त्यानंतर त्यांच्याशी फारसं बोलली नाही, नाताळचं कार्ड तेवढं यायचं. काही वर्षांनी एका खेळात त्यांचा वरचा सूर फाटला. खेळ पूर्ण केला, घरी आले, आणि त्यानंतर वीस वर्षं स्टेजवर पाऊल ठेवलं नाही.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी ते आले तेच लहान मुलासारखे. "नेबर, मुलीचा फोन आला होता! लग्न करतेय. ऑक्टोबरमध्ये. मला बोलावलंय."

मुलगी पंचेचाळिशीची, ऑस्टिनला जनावरांची डॉक्टर. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

"मी गाणार आहे," ते म्हणाले.

"तिने सांगितलं गायला?"

"हो तर," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले.

आणि तिथेच, माझ्या ओट्याशी उभं राहून त्यांनी गायला तोंड उघडलं. मी फोडणी करत होते, हातातली पळी खाली पडली. एवढा आवाज एका माणसाच्या छातीत मावतो कसा? काचेच्या कपाटातल्या वाट्या थरथरल्या, वरून हे धावत आले. पण चौथ्या ओळीला, सूर वर चढताना, आवाज एकदम खरखरला आणि विझला. ते पुन्हा गायले, पुन्हा तिथेच विझला. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्नच केला नाही. ओट्याला धरून उभे राहिले. चेहरा असा झाला होता की माझ्याने पाहवेना.

आता आपल्या लोकांची खोड तुम्हाला माहीत आहे. समोरच्याला शिंक आली की आपण तुळशीचा काढा सांगतो, गुडघा धरला की तिळाचं तेल. कोणी विचारलेलं नसतं, आपल्याला राहवत नसतं. मी मसाल्याच्या कपाटातून बरणी काढली आणि एक काडी त्यांच्या हातावर ठेवली. "गालात धरा. चावायची नाही, रस गिळायचा. आमच्याकडे सगळे गायक हेच करतात."

त्यांनी काडी हुंगली. "काय आहे हे?"

मी फोनवर शब्द शोधला. "लिकोरिस. झाडाचं मूळ. नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट काही नाही."

ते क्षणभर थांबले. काडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ती गालात सरकवली. तो क्षणभराचा थांबा मला पुढे फार छळणार होता.

आठवड्याभरात खरखर कमी झाली. मग मी काढाही सुरू केला, सकाळ-संध्याकाळ, थर्मासमधून पोचता करायचा. महिनाभरात चौथी ओळ पार झाली. मी तर हवेतच! नागपूरला बहिणीला फोन करून सांगितलं की जगातल्या एवढ्या मोठ्या गायकाचा गळा मी उघडला. ते पायात गोळे येतात म्हणाले, मी म्हटलं वय झालं. पाय सुजलेले दिसले, मी म्हटलं मीठ कमी खा. काय म्हणावं या शहाणपणाला!

लग्नाला नऊ दिवस उरले होते. गुरुवारी सकाळी, कचऱ्याच्या दिवशी, मी डबा ओढत बाहेर आले तर सर त्यांच्या डब्याला मिठी मारल्यासारखे टेकून उभे. हाक मारली, उत्तर नाही. जवळ गेले तोवर गुडघे दुमडले आणि ते ड्राइव्हवेवर बसले. "पाय नाहीत," एवढंच बोलले. नाडी धरली तर ठोके धावतायत, अडखळतायत, मध्येच गायब. मी ९११ला काय सांगितलं मला आठवत नाही. हे म्हणतात मी अर्धं मराठीत बोलत होते.

दुपारपर्यंत मुलगी ऑस्टिनहून गाडी हाणत हॉस्पिटलमध्ये पोचली. पायात चिखलाचे बूट, तशीच गोठ्यातून आलेली. डॉक्टरीणबाई आम्हाला सांगत होत्या की रक्तातलं पोटॅशियम तळाला गेलंय, हृदय कधीही दगा देऊ शकतं, आणि ते एवढं का घसरलं हे कळत नाही. कारण सापडलं नाही तर भरून काढलेलं पुन्हा घसरेल. तेवढ्यात नर्सने सरांच्या कपड्यांची पिशवी आणली आणि शर्टाच्या खिशातून चघळलेली एक काडी काढून विचारलं, "हे काय आहे?"

खोटं कशाला बोलू, एक क्षण वाटलं गप्प बसावं. पोलीस, वकील, कोर्ट, सगळं डोळ्यांपुढून गेलं. कोणाला कळणार होतं? पण आतल्या खोलीत ते यंत्र टूं टूं करत होतं, तेही अडखळत.

"मी दिलंय," मी म्हणाले. "लिकोरिस."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "किती?"

"दिवसभर गालात. आणि दोन वेळा काढा. दीड महिना झाला."

त्यांनी मला शांतपणे सांगितलं, आणि ती शांतताच जास्त लागली. हे मूळ शरीरातलं पोटॅशियम बाहेर काढतं. सरांना अंगातलं पाणी काढायची गोळी चालू होती, तीही तेच करते. आणि हृदयाचे ठोके सांभाळायची जी गोळी होती, ती पोटॅशियम घसरलं की विषासारखी वागते. म्हणजे माझ्या हातचा तो काढा! मी रोज सकाळी मनापासून उकळत होते तो! बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आता उपाय करता येईल." पण ते माझ्या कानापर्यंत पोचलंच नाही.

मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुम्ही डॉक्टर आहात का?" तिने विचारलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मग कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

मी कॉरिडॉरच्या टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसले.

संध्याकाळी सरांनी डोळे नीट उघडले. आम्ही दोघी पलंगाच्या दोन बाजूंना. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "नेबरला काही बोलू नकोस," ते मुलीला म्हणाले. "मला माहीत होतं."

मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलतायत.

"फ्रिजवर कागद आहे," ते म्हणाले. "काय खायचं नाही त्याचा. तिसऱ्या ओळीत लिहिलंय. लिकोरिस. दहा वर्षं रोज वाचतोय."

तो पिवळट कागद! दर आठवड्याला मी त्या फ्रिजसमोर वरणाचं भांडं घेऊन उभी राहत होते आणि एकदाही वाचला नव्हता. आणि सरांना सगळं ठाऊक असून त्यांनी ती काडी गालात धरली. मला एकाच वेळी सुटल्यासारखं झालं आणि भयंकर राग आला. माझ्या हातून, माझ्या स्वयंपाकघरात, मला न सांगता! "का?" मी जवळजवळ ओरडलेच. "सर, काहून केलंत असं?" तो 'काहून' तेवढा मराठीतच निघाला, पण त्यांना समजला.

"आवाज परत येत होता," ते म्हणाले. "तिच्या लग्नात गायचं होतं."

"कोणी सांगितलं होतं गायला?" मुलगी म्हणाली.

मी त्यांच्याकडे पाहिलं. हो तर, असं खिडकीबाहेर पाहत म्हणालेले ते, आता छताकडे पाहत होते.

"मी फोनवर एकच गोष्ट मागितली होती," मुलगी म्हणाली. "माझ्यासोबत चाल. हिरवळीवरून मांडवापर्यंत. चाळीस पावलं आहेत, मी मोजली आहेत. गाणं मी मागितलंच नव्हतं, बाबा. गाणं मी कधीच मागितलं नव्हतं."

"नुसता येऊन काय करू?" ते म्हणाले. त्या माणसाच्या तोंडून हे ऐकायची माझी तयारी नव्हती. हजारो लोक ज्याच्यासाठी उठून उभे राहिले, तो म्हणत होता, "मला दुसरं काही येतच नाही."

मग ते पुन्हा सुरू झाले. "नऊ दिवस आहेत अजून. डॉक्टर म्हणतात पोटॅशियम भरून येईल. मी छोटं काहीतरी गाईन, बसून गाईन..."

मुलीने टेबलावरचं पॅड ओढलं, त्यावर दोन शब्द लिहिले, कागद फाडला आणि त्यांच्या हातात दिला. मला कागद दिसला नाही. दिसायची गरजही नव्हती. त्यांनी तो वाचला, आणि ऐंशी वर्षांचा तो माणूस तोंड झाकून रडायला लागला. मुलगी उठून पलंगावर, त्यांच्याशेजारी बसली. मी गुपचूप बाहेर आले आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून मनसोक्त रडले. चिठ्ठीच्या गोष्टीला दिलेली ती 'वा!' मला परत घ्यायची होती, आणि ती कुठे परत घेता येते?

घरी येऊन ज्येष्ठमधाची बरणी कचऱ्यात टाकली. हे माझ्यासाठी चहा ठेवायला उठले.

चौथ्या दिवशी मुलीचा फोन आला. सुधारत आहेत, लग्न ठरल्या दिवशीच आहे. "तुम्ही दोघंही या," ती म्हणाली, आणि मग, "कृपा करून खायला काही आणू नका." मी हसले की रडले, सांगता येत नाही.

लग्न ऑस्टिनच्या बाहेर एका हिरवळीवर होतं, सकाळचं. आम्ही शेवटच्या रांगेत. त्यांचे जुने चाहते बरेच आले होते. माझ्या पुढच्या खुर्चीवरची बाई नवऱ्याला सांगत होती की आज ते गाणार, नक्की गाणार. मग हिरवळीच्या टोकाला दोघं दिसले. सरांच्या एका हातात काठी, दुसरा हात मुलीच्या हातात. सगळे उठले. सगळ्यांचे कान त्यांच्याकडे.

ते गायले नाहीत, बोलत होते. मुलीच्या कानाशी वाकून, खरखरत्या आवाजात, सारखे, न थांबता. काय बोलत होते ते पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नसेल. ती मान डोलवत होती, मध्येच हसत होती, मध्येच डोळे पुसत होती. त्या चाळीस पावलांत तो माणूस एकदाही गप्प बसला नाही.